गडबच्या नागाची बातमी

त्या दिवशीचा 'दैनिक खाडीवारा' माझ्याकडे अजून आहे. दुकानाच्या काउंटरखाली, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलाय. सहाव्या पानावर माझ्या चार बातम्या आहेत आणि त्यातली एकही खरी नाही. पहिल्या तीन वाचताना मला आजही हसू येतं. चौथीवर आलो की मी पेपर मिटतो.

मी प्रविण. रोह्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेली वीस वर्षं मी 'खाडीवारा'चा पेण-रोहा वार्ताहर आहे. वार्ताहर म्हणजे फार मोठा माणूस असं समजू नका. एक ओळखपत्र, स्कूटरवर लाल अक्षरात 'प्रेस' आणि लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची, एवढंच.

आमच्या कामाची एक रीत आहे. जिल्ह्याचं पान दुपारी चारला सुटतं, म्हणजे चारच्या आत बातमी पोचली तर उद्या छापून येते. आणि आमच्याकडे जे काय घडतं ते सगळं संध्याकाळी. सत्कार संध्याकाळी, उद्घाटन संध्याकाळी, कबड्डीचा अंतिम सामना तर रात्री दहाला. मग करायचं काय? दुपारी बसून संध्याकाळ लिहून टाकायची. 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' आयोजकसुद्धा तयारीचे. ते दुपारीच हार घालून फोटो काढतात, तो मला मोबाईलवर पाठवतात, मग हार फ्रीजमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या गळ्यात पुन्हा घालतात. यात कुणाला काही खोटं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. माझी वाक्यं ठरलेली असत. 'मान्यवरांच्या उपस्थितीत', 'अटीतटीच्या लढतीत', 'परिसरात हळहळ', 'प्रकृती धोक्याबाहेर'. वीस वर्षांत फारसं काही चुकलं नव्हतं. निदान चुकलं असं मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

तर मार्चमधला तो बुधवार. सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं, चहा मागवला आणि सहावं पान काढलं. माणूस आपलं छापलेलं नाव बघून किती खूश होतो! वीस वर्षांनीही होतो.

पहिली बातमी होती, 'हैबतराव यांचा वाढदिवस रक्तदानाने साजरा, बहात्तर जणांचे रक्तदान'. दुसरी, 'शाळेस नव्या बाकांचे वाटप, विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर आनंद'. तिसरी, 'अटीतटीच्या लढतीत रोह्याचा संघ विजयी'. आणि खाली फोटोसकट चौथी, 'गडबमध्ये पाच फुटी नाग जेरबंद, सर्पमित्राने सुखरूप जंगलात सोडला, कुटुंबाचा सुटकेचा नि:श्वास'.

चहावाला पोऱ्या नव्हे, स्वतः मालकच ग्लास ठेवायला आला आणि म्हणाला, "पत्रकार, मॅच रात्री झालीच नाय. लाईट गेली. रविवारी हाय आता."

मी चहाचा घोट घेतला. अशा वेळी गप्प राहायचं असतं. रविवारी रोहा जिंकलं तर बातमी चार दिवस आधी दिली म्हणायचं.

तेवढ्यात आदर्शचा फोन आला. आदर्श पेणचा सर्पमित्र. पंचविशीतला, अंगाने काडी, पण साप म्हटला की जेवणावरून उठून जाणारा. त्याने हात घातला आणि साप सापडला नाही असं कधी ऐकलं नव्हतं. काल दुपारी तीनला त्यानेच मला फोन केला होता. "काका, गडबला निघालोय. सगुणाबायच्या घरात नाग शिरलाय. लिवून टाक, पान सुटंल नायतर. फोटो गेल्या वर्षीचा लाव, नाग काय येगळा दिसतोय?" मी लिहून टाकलं. पाच फूट माझ्या मनाचे. चार फूट कमी वाटतात आणि सहा म्हटलं की लोक हसतात.

आता फोनवर त्याचा आवाज बारीक होता. "काका, पेपर आला काय?"

"आला ना. झकास आलाय."

"काका, तो नाग गावला नाय."

मला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे?"

"काल साडेतीनपासून सहापर्यंत शोधला. कणगी हलवली, भांडी काढली. नाय गावला. सगुणाबायला बोललो, नातीला घेऊन शेजारच्या मालूकडं निजायला जा, चावी वळचणीला ठेव, मी रात्री बॅटरी घेऊन परत येतो. म्हटलं रात्री पकडतोच, म्हणजे बातमी आपोआप खरी होईल. पण रात्री वडखळला दोन कॉल आलं. मी गेलोच नाय काका. चावी अजून वळचणीलाच असंल."

"मग आता जा!"

"जिते गावात हाय मी. स्टेशनपाशी घोणस निघालीय. हातात हाय ती."

"हातात?"

"एका हातात. दुसऱ्या हातात फोन. ही सोडतो आणि येतो."

फोन बंद झाला. मी पेपरकडे बघितलं. 'कुटुंबाचा सुटकेचा नि:श्वास.' सगुणाबाय रोज पेपर घेते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा जनू पाच वर्षांपूर्वी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याची बातमी मी दिली होती. तेव्हापासून दर वर्षी वाल निघाले की ती माझ्यासाठी पिशवी भरून वाल पाठवते. का पाठवते, हे मी कधी विचारलं नाही. पत्रकाराला लोक देतात, एवढंच माझ्या डोक्यात. घरात ती, सून अनिता आणि अनिताची पाच वर्षांची भाविका. मुलगा ट्रेलरवर असतो, महिन्यातून दोनदा घरी. आणि या घरात आता नाग होता, आणि माझा पेपर सांगत होता की नाही.

सगुणाबायला फोन लावला. वाजत राहिला. अनिताला लावला, बंद. ती डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर आहे, पहिल्या शिफ्टला सहाला आत जाते. मग गडबच्या नाक्यावरच्या निलेशला लावला. निलेशचं चहाचं दुकान आणि तोच आमचा पेपर एजंट.

"निलेश, सगुणाबाय पेपर न्यायला आली का?"

"मगाशीच. चष्मा घरात राहिला होता तिचा, मीच वाचून दाखवला. लय खूश. रात्री येऊन नेला वाटतं आदर्शनं, बोलली. वळचणीची चावी काढून, पोरीला घेऊन घरी गेली पण."

मी काउंटरमागून उठलो. "निलेश, पळत जा आणि तिला बाहेर काढ. नाग घरातच आहे."

"कोण बोललं?"

"मी बोलतोय!"

"पण पेपरात..."

"पेपर मरू दे! जा आधी."

मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि स्कूटरला किक मारली. रोह्यापासून गडब म्हणजे नागोठण्याला हायवेला लागून तासाभराचा रस्ता. मला सापाची भीती आहे हे इथेच सांगून टाकतो. साधी नाही, जन्माची. मी टीव्हीवर साप दिसला तरी पाय खुर्चीवर घेतो. आदर्शच्या शंभर बातम्या मी दिल्या असतील, पण साप पकडताना एकदाही गेलेलो नाही. भिसे खिंडीच्या वळणावर रस्त्यात पडलेला रबरी पाईप बघून मी ब्रेक मारला आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

खिंड उतरलो तर फोन वाजला. निलेश असेल म्हणून बाजूला थांबून घेतला. पहिल्या बातमीतले हैबतराव.

"प्रविणशेठ, छान छापून आलंय. पण पुढच्या टायमाला शंभर लिहा. बहात्तर म्हणजे कसं अर्धवट वाटतं."

"साहेब, किती जणांनी दिलं रक्त?"

"अहो रक्ताची गाडीच आली नाय. मी तर दाढ काढायला पेणला होतो. पण भावना महत्त्वाची."

एरवी मी यावर तास काढला असता. त्या दिवशी "बरं साहेब" म्हणून फोन ठेवला आणि रागाने दातओठ खाल्ले. राग त्यांच्यावर नव्हता.

नागोठण्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी एक टेम्पो उभा होता. त्यात नवे कोरे बाक एकावर एक रचलेले आणि सगळ्यात वरच्या बाकावर ड्रायव्हर तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. माझी दुसरी बातमी. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर कालच आनंद होऊन गेला होता आणि बाक अजून नागोठण्यात होते. मी थांबलो नाही. वाटत होतं, माझी सगळी पानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून माझ्याकडे बघतायत.

कासूजवळ निलेशचा फोन आला. "काका, जाऊन आलो. ओटीवर भात पाखडत बसलीय. ऐकत नाय. तू सांगतोस का पेपर सांगतो, असं बोलली. मी काय बोलणार? पेपर मीच विकतो."

"पोरगी कुठे आहे?"

"दिसली नाय."

त्यानंतर मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. हायवेचं काम चालू, धुरळा, ट्रेलर, खड्डे. मनात एकच चित्र. भाविकाला मी दोनदाच बघितलं होतं, दोन वेण्या आणि पुढचा एक दात पडलेला. तिचा हात कणगीच्या मागे गेलाय, चेंडू काढायला. मी देवाला म्हटलं, एवढ्या वेळेला वाचव, पुन्हा न बघता एक ओळ लिहिणार नाही. देवाने माझी आधीची कात्रणं वाचली असतील तर त्याने विश्वास ठेवायचं कारण नव्हतं.

गडबला पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सगुणाबाय ओटीवर सूप घेऊन बसली होती. साठीच्या आसपासची बाई, गुडघे धरलेले, केस पांढरे. शेजारी माझा पेपर, घडी घातलेला, वर चष्मा ठेवलेला. मला बघून ती तोंडभर हसली.

"ये भाऊ. आजची बातमी बघितली. जनूच्या फोटोपाशी नेऊन वाचली."

"सगुणाबाय, भाविका कुठाय?"

"आत निजलीय. मालूच्या ओटीवर रातभर डास चावलं तिला. आता पंख्याखाली लागलाय डोळा."

"तिला उचला. आदर्शला नाग गावलेला नाय. तो घरातच हाय."

ती परत हसली. समजावून सांगावं तशी म्हणाली, "निलेश पण हेच बोलत व्हता. अरे पेपरात आलंय. तुझ्याच नावानं आलंय. पाच फूट, जंगलात सोडला. फोटू पण हाय."

"फोटो गेल्या वर्षीचा हाय."

"आं?"

"मी काल तीन वाजता लिवलं. तवा आदर्श इथं पोचला पण नव्हता."

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. कुंपणापाशी शेजारीण मालू येऊन उभी राहिली होती, तिच्या मागे आणखी दोघी. सगळ्या ऐकत होत्या.

"न बघता लिवलंस?" सगुणाबाय म्हणाली.

"व्हय."

ती उठायला लागली, पण गुडघा सरळ होईना. एक हात भिंतीला आणि तोंडातून फक्त "माझी बाय, माझी बाय" एवढंच. मी म्हटलं, "तुम्ही थांबा. हाक मारू नका. ती दचकून उठेल आणि कुठंतरी पाय टाकेल." आणि मी आत गेलो.

आत गेल्यावर कळलं की सवयीने मी चपला ओटीखाली काढल्यात. अनवाणी. परत फिरून घालाव्या एवढा धीर नव्हता, कारण एकदा बाहेर पडलो असतो तर पुन्हा आत आलो नसतो. हे मी आज कबूल करतो.

माजघरात अंधार नव्हता, पण बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. पंखा घरघरत होता. भिंतीला तांदळाची कणगी, शेजारी दोन गोणी, मिक्सरचा खोका, वर बांधलेली चार्जरची वायर. ती वायर मला आधी सापच वाटली. कणगीपासून हातभर अंतरावर चटई आणि चटईवर भाविका, पालथी, एक हात चटईबाहेर फेकलेला. बोटं कणगीच्या बुडाकडे.

मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसरं टाकताना गोणीमागे काहीतरी सरकलं. कोंड्यावरून सरकल्याचा आवाज, अगदी हळू. मी एका पायावर उभा राहिलो. घाम डोळ्यात गेला, पण पुसायची हिंमत नव्हती. मला पळायचं होतं. एवढं साधं आहे ते. माझ्या अंगातला प्रत्येक सांधा मला दाराकडे ओढत होता. मग गोणी आणि कणगीच्या फटीतून काळपट शेपटीचं टोक दिसलं, बोटभर. ते आत ओढलं गेलं आणि फटीतून एकदाच फुस्स झालं.

त्यानंतर मी काय केलं ते मला मालूने सांगितलं. म्हणे मी ओरडलो, पोरीला चटईसकट उचललं आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून ओटीवर येऊन पडलो. भाविकाने जागी होऊन भोकाड पसरलं. सगुणाबायने तिला ओढून घेतलं आणि तिची बोटं, पाय, मान, कान, सगळं चाचपून बघितलं. मग परत पहिल्यापासून चाचपलं. काही नव्हतं. डासाचे फोड तेवढे.

आदर्श वीस मिनिटांनी आला. चार माणसांनी कणगी सरकवली, त्याने आकडा घातला आणि पाईपच्या तोंडाला बांधलेल्या पिशवीत नाग घेतला. सगळं पाच मिनिटांत. नाग फणा काढून होता, तेव्हा ओटीवरची माणसं अंगणात आणि अंगणातली रस्त्यावर गेली. सगुणाबाय मात्र दारातून हलली नाही. पिशवीची गाठ बांधेपर्यंत बघत राहिली.

"साडेतीन फूट," आदर्श म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "फोटो काढायचा काय काका?"

मी नको म्हणून मान हलवली. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मनातून मात्र मी सुटलो होतो. वाटलं, झालं, वाचलो. चार शिव्या खाऊ, आणि संपलं. मी चपला शोधायला लागलो.

"भाऊ, थांब जरा," सगुणाबाय म्हणाली.

ती आत गेली आणि जनूचा फोटो भिंतीवरून काढून घेऊन आली. फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात एक कात्रण खोचलेलं होतं. पिवळं पडलेलं, चौकोनी कापलेलं, घडी घालून घालून मधे विरलेलं. माझंच. 'महामार्गावर दुचाकीस अपघात, गडब येथील एक जखमी, प्रकृती धोक्याबाहेर'.

"ही बातमी ज्या दिवशी आली त्याच दिवशी तो गेला," ती म्हणाली. "दुपारला. सकाळी निलेशच्या बानं मला वाचून दाखवली. प्रकृती धोक्याबाहेर. लावणीच्या बाया आल्या व्हत्या. म्हटलं, पेपरात लिवलंय तर एवढा दिवस काढू, उद्या जाऊ. पाच वर्षं मी ह्यो कागद ठेवलाय. म्हटलं, सकाळपर्यंत तरी बरा व्हता तो. कुणीतरी त्याला बरा बघितला व्हता."

मला वालाच्या पिशव्या आठवल्या. पाच वर्षांच्या पाच.

"तवा तू दवाखान्यात गेलतास ना? बघितलंस ना त्याला?"

मी रोह्याला दुकानात होतो. पोलीस ठाण्यातून फोनवर नाव घेतलं, गाव घेतलं. चारला पाच मिनिटं कमी होती. पुढचं वाक्य ठरलेलं होतं, मी नेहमी तेच लिहायचो.

'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर, आणि तिला बरं वाटलं असतं, आणि मला दर साली वाल आले असते. माजघरात शेपटी दिसली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

"नाय," मी म्हटलं. "नाय गेलो."

तिने कात्रणाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि फोटोची काच पदराने पुसायला लागली. दोनदा पुसली. मालू आणि आदर्श दुसरीकडे बघत होते.

भाविका रडून थांबली होती. मालूच्या कडेवरून तिने विचारलं, "साप गेला?"

"गेला गो," मालू म्हणाली.

पोरगी आजीकडे वळली. "आजी, खरंच गेला?"

सगुणाबायने फोटो मांडीवर ठेवला. "गेला बाय," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितला."